यू-१५६ चा कप्तान वेर्नर हार्टनस्टाइन आणि 'लॅकोनिया'

दर्यावर्दी

'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेच्या धाग्यावर 'दुसऱ्या महायुद्धातले जर्मन पाणबुडीवाले म्हणजे एकजात खाटीक' विरुद्ध 'समुद्रावरचे शेवटचे सभ्य लोक' असा सामना रंगला होता. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी नाव एकाच माणसाचं घेतलं, वेर्नर हार्टनस्टाइनचं. तिथे अवांतर वाढायला नको म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

हार्टनस्टाइनचा जन्म २७ फेब्रुवारी १९०८ चा, सॅक्सनीतल्या प्लाउएन गावचा. लेससाठी नावाजलेलं गाव, समुद्र कुठल्या कुठे. पुढे आपल्या पाणबुडीच्या मनोऱ्यावर त्यानं याच गावाचं बोधचिन्ह रंगवून घेतलं. १९२८ मध्ये नौदलात शिरला. व्हर्सायच्या तहानं जर्मनीला पाणबुड्या बाळगायची बंदी होती, त्यामुळे त्याच्या पिढीचे अधिकारी पाण्यावरच्या जहाजांवरच घडले. युद्धाच्या सुरुवातीला तो टॉर्पेडो बोटींवर होता. पाणबुडी शाखेत आला १९४१ मध्ये आणि ४ सप्टेंबर १९४१ ला ब्रेमेनमध्ये यू-१५६ त्याच्या ताब्यात आली. वय ३३. त्या धंद्यात हे वय बरंच थोराड, बाकीचे कप्तान पंचविशी-तिशीतले.

यू-१५६ लांब पल्ल्याची, टाइप नऊ-सी. लांबी सुमारे ७७ मीटर, म्हणजे मुंबई लोकलचे साडेतीन डबे. त्यात पन्नासेक माणसं, २२ टॉर्पेडो, डिझेल, बॅटऱ्या आणि महिनोन्महिने पुरेल एवढं खाणं. हा आकार लक्षात ठेवा.

त्याची पहिली मोठी कामगिरी अरुबाची. कॅरिबियन समुद्रातल्या या डच बेटावर जगातल्या मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्यांपैकी एक होता, व्हेनेझुएलाचं तेल तिथे यायचं. १६ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटेआधी हार्टनस्टाइन बंदरासमोर पाण्यावर आला. नांगरलेल्या 'पेडर्नालेस' आणि 'ओरान्येस्टाट' या तेलवाहू जहाजांना टॉर्पेडो मारले, समुद्रावर आग पसरली. आता कारखान्यावर तोफ डागायची. १०.५ सेंटीमीटरची डेकवरची तोफ भरली, हुकूम सुटला आणि तोफेचं तोंडच फुटलं. पाणी शिरू नये म्हणून नळीच्या तोंडाला बूच लावलेलं असतं, ते काढायचं घाईत राहून गेलं होतं! एक खलाशी मेला, तोफखाना अधिकाऱ्याचा पाय गेला. त्याला नंतर मार्टिनिक बेटावर विशी फ्रेंचांच्या (जर्मनीपुढे नमलेल्या फ्रेंच सरकारच्या) हवाली करावं लागलं. कारखाना वाचला.

दुसरा कुणी असता तर तोफेचा नाद सोडून टॉर्पेडोवर भागवलं असतं. यानं माणसं बसवून फुटलेला भाग करवतीनं कापून काढला आणि त्या आखूड नळीनं फेब्रुवारी संपायच्या आत दोन जहाजं बुडवली. मला या माणसाचा स्वभाव त्या करवतीत दिसतो. चिवट, कामाला वाघ, आणि काम म्हणजे जहाजं बुडवणं.

आता लॅकोनिया. कुनार्ड कंपनीचं जवळजवळ वीस हजार टनी प्रवासी जहाज, युद्धात सैन्यवाहतुकीला लावलेलं. तोफा बसवलेल्या, दिवे मालवलेले, सोबतीला संरक्षक जहाज नाही. सुएझहून केपटाऊनमार्गे इंग्लंडकडे निघालेलं. वर ब्रिटिश सैनिक, खलाशी, घरी परतणाऱ्या बायका-मुलं. खाली तळघरांत उत्तर आफ्रिकेत पकडलेले सुमारे १,८०० इटालियन युद्धकैदी आणि त्यांच्यावर १०३ पोलिश पहारेकरी. एकूण २,७०० च्या वर माणसं.

१२ सप्टेंबर १९४२ च्या रात्री, दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन बेटाच्या ईशान्येला, यू-१५६ नं दोन टॉर्पेडो मारले. दोन्ही लागले. तळघरातल्या कैद्यांपैकी कित्येक तिथल्या तिथे गेले, कित्येक बंद गजांमागे बुडाले, आणि जे वर आले त्यांना होड्यांपासून संगिनींनी मागे रेटलं गेलं. कप्तान रुडॉल्फ शार्प जहाजाबरोबर गेले. हेच गृहस्थ १९४० मध्ये 'लँकास्ट्रिया' बुडालं तेव्हा तिचे कप्तान होते, तिथून वाचले होते.

हार्टनस्टाइन जवळ आला तो रिवाजाप्रमाणे, जहाजाचा कप्तान किंवा मुख्य इंजिनिअर उचलायला. अंधारात ऐकू आली इटालियन भाषा. आपण आपल्याच दोस्तराष्ट्राचे कैदी बुडवलेत हे त्याला तिथे कळलं. पाण्यात शार्क आले होते. त्यानं लोक वर ओढायला सुरुवात केली आणि जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख डोनिट्झ याला तार पाठवली. लॅकोनिया बुडवली, दुर्दैवानं १,५०० इटालियन कैद्यांसह, आतापर्यंत ९० जण उचलले. मग त्याच दमात इंधन १५७ घनमीटर, टॉर्पेडो १९, वाऱ्याचा जोर ३, हुकूम द्या. मला ही तार फार बोलकी वाटते. 'दुर्दैवानं' आणि '१९ टॉर्पेडो' एका श्वासात.

डोनिट्झनं यू-५०६ (व्युर्डेमान), यू-५०७ (शाख्ट) आणि इटालियन पाणबुडी 'कॅपेलिनी' (रेव्हेदिन) यांना तिकडे वळवलं. विशी फ्रेंचांना जहाजं पाठवायला सांगितलं. वरून हिटलरचा निरोप होता की केपटाऊनची नियोजित मोहीम यात बिघडता कामा नये.

पण हार्टनस्टाइननं जे केलं ते कुठल्याच नियमावलीत नव्हतं. १३ सप्टेंबरच्या सकाळी त्यानं साध्या इंग्रजीत, सांकेतिक भाषा न वापरता, खुल्या लहरीवर जाहीर केलं की लॅकोनियाच्या लोकांना मदत करायला येईल त्या जहाजावर मी हल्ला करणार नाही, माझ्यावर जहाजातून किंवा विमानातून हल्ला होणार नसेल तर. १९३ माणसं उचलली आहेत. ४ अंश ५२ मिनिटं दक्षिण, ११ अंश २६ मिनिटं पश्चिम. जर्मन पाणबुडी. ज्या शस्त्राची सगळी ताकद 'आपण कुठे आहोत ते कुणाला कळू नये' यात, त्याच्या कप्तानानं आपला पत्ता शत्रूला कळवला. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाऊनला ब्रिटिशांना हा डाव वाटला.

पुढचे तीन दिवस यू-१५६ म्हणजे तरंगती धर्मशाळा. डेकवर आणि आत मिळून एका वेळी दोनशेच्या आसपास माणसं. होड्या गोळा करायच्या, उलटलेल्या सुलट्या करायच्या, इटालियन आणि ब्रिटिश होड्यांत वाटून द्यायचे, गरम काहीतरी पाजायचं, बायकांना अधिकाऱ्यांच्या जागेत झोपवायचं. वाचलेल्या एका इंग्रज नर्सनं जर्मन खलाशी किती अदबीनं वागले ते नंतर लिहून ठेवलंय.

१६ सप्टेंबरला सकाळी अकराच्या सुमारास असेन्शन बेटाकडून अमेरिकन लिबरेटर विमान आलं. यू-१५६ च्या मागे दोरानं ओढलेल्या चार होड्या, पुढे डेकवर पसरलेलं, दोन मीटर चौरस पांढऱ्या कापडावर लाल क्रॉसचं निशाण. एका ब्रिटिश हवाईदल अधिकाऱ्यानं दिव्यानं खुणा केल्या की इथे लॅकोनियाचे लोक आहेत, सैनिक, नागरिक, बायका, मुलं. विमानानं उत्तर दिलं नाही. दूर जाऊन तळाला विचारलं. तळावरच्या कॅप्टन रिचर्डसननं हुकूम दिला, पाणबुडी बुडवा. अर्ध्या तासानं विमान परत आलं आणि बॉम्ब सुटले. एक होड्यांमध्येच पडला. पाणबुडीला इजा झाली. हार्टनस्टाइननं दोर तोडायला लावला, वरच्या माणसांना होड्यांकडे आणि पाण्यात उतरवलं, बुडी मारली.

लोकांना पाण्यात उतरवण्यावरून त्याला नावं ठेवणारे आहेत. पन्नास जणांचा जीव आणि बोट हातात असलेल्या कप्तानापुढे त्या घडीला दुसरा रस्ता कुठला होता, हे त्यांनी सांगावं.

१७ सप्टेंबरला दोन गोष्टी झाल्या. हार्टनस्टाइनला नाइट्स क्रॉस हे मोठं जर्मन पदक जाहीर झालं. आणि डोनिट्झचा आदेश निघाला की यापुढे बुडालेल्या जहाजांच्या माणसांना वाचवायचे सगळे प्रयत्न बंद, पोहणाऱ्यांना उचलणं, उलटलेल्या होड्या सरळ करणं, अन्नपाणी देणं, सगळं. कठोर व्हा. म्हणजे हार्टनस्टाइननं चार दिवस जे जे केलं त्याची यादी करून त्यावर काट मारली.

दोन दिवसांनी, १९ तारखेला, याच हार्टनस्टाइननं 'क्वेबेक सिटी' हे ब्रिटिश जहाज बुडवलं. कामावर परत.

यू-१५६ नोव्हेंबरमध्ये लोरियाँला परतली, जानेवारी १९४३ मध्ये पुन्हा निघाली. ८ मार्च १९४३ ला बार्बाडोसच्या पूर्वेला अमेरिकन कॅटलिना विमानानं तिला गाठलं. अकराएक माणसं पाण्यावर दिसली. विमानानं त्यांच्यासाठी तराफा आणि शिधा टाकला, नंतर विनाशिका शोधायला आली. कुणी सापडलं नाही. सगळे ५३ गेले.

माझ्या मते हार्टनस्टाइन ना संत, ना खाटीक. सुरुवात इटालियनांमुळे झाली हे खरं. पण रेडिओवर पत्ता देणं आणि ब्रिटिश बायकांना बिछाने देणं यांचा इटालियनांशी संबंध नाही. तो भाग त्याचा स्वतःचा. बोला.

मीठभाकर

एका बैठकीत वाचलं. तोफेचं बूच काढायला विसरले!! आणि मग करवत. पुढचा भाग असेल तर त्याच्या प्रतीक्षेत.

शंकासुर

लेख छान, पण शेवटच्या परिच्छेदाला माझा आक्षेप आहे.

दर्यावर्दीराव, तुम्ही चार दिवसांवर माणूस तोलताय. यू-१५६ नं एकूण २० जहाजं बुडवली, सत्त्याण्णव हजार टनांच्या वर. अरुबाला पेटत्या तेलात जे खलाशी होते त्यांच्यासाठी कुणी इंग्रजीत पत्ता दिला नव्हता. तेलवाहू जहाजावर टॉर्पेडो लागतो तेव्हा पाण्यात उडी मारायचीही सोय राहत नाही, कारण पाणीच जळत असतं.

दुसरं, 'डोनिट्झ आधी दयाळू, अमेरिकनांनी बॉम्ब टाकले म्हणून कठोर' ही गोष्ट फार सोयीची आहे. १९३९ च्या अखेरीलाच त्यानं कप्तानांना सांगितलं होतं की कुणाला वाचवू नका, होड्यांची पर्वा करू नका, या युद्धात आपल्याला कठोर व्हायला हवं. लॅकोनियानं धोरण बदललं नाही, असलेल्या धोरणाला निमित्त मिळालं.

तिसरं. पाण्यात फक्त ब्रिटिश असते, तर? प्रामाणिक उत्तर द्या.

दर्यावर्दी

शंकासुर, १९३९ च्या आदेशाचा मुद्दा बिनतोड आहे, लेखात यायलाच हवा होता असं वाचकांनी समजावं. फक्त त्यानं माझं म्हणणं पातळ होत नाही, दाट होतं. वरिष्ठांचा कल काय आहे हे ठाऊक असताना यानं ते केलं.

तिसऱ्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर: फक्त ब्रिटिश असते तर बहुधा थोडं पाणी, दिशा सांगून 'गुड लक', आणि केपटाऊनचा रस्ता. पुष्कळ कप्तान तेवढं करत. पण एकदा माणसं डेकवर आली की त्यानं 'आपला-परका' निवड केली नाही. होड्यांत ब्रिटिश परत ढकलून इटालियन ठेवता आले असते, रेव्हेदिननं कॅपेलिनीवर शेवटी बऱ्याच अंशी तेच केलं. मोजकेच आत ठेवले, बाकीच्यांना होड्यांत सोडलं.

पाणबुडा

मी नौदलात होतो, पाणबुडीवर नव्हे, पण पाणबुडीवाल्यांत आयुष्य गेलंय. विशाखापट्टणमला किनाऱ्यावर आपली जुनी आयएनएस कुरसुरा ठेवलीये, कुणी गेला असाल तर आत शिरल्यावर पहिल्या मिनिटाला काय वाटतं ते आठवा. ती ९१ मीटरची, यू-१५६ पेक्षा मोठी. यू-१५६ मध्ये तिच्या स्वतःच्या पन्नास माणसांनाच बिछाने पाळीपाळीनं वापरावे लागत. एक उठला की त्याच्या घामानं ओल्या बिछान्यात दुसरा. शौचालयं दोन, त्यातल्या एकात प्रवासाच्या सुरुवातीला बटाटे-डबे रचलेले. तिथे अजून शंभर माणसं आत आणि शंभर वर. यातले कित्येक शार्क चावलेले, संगिनीचे वार झालेले, खारं पाणी प्यालेले.

आता बुडी मारायची. सरावलेल्या टोळीला नऊ-सी पाण्याखाली न्यायला अर्धं-पाऊण मिनिट पुरतं, कारण वर चार-पाचच पहारेकरी असतात आणि ते झाकणातून सरळ खाली घसरतात. डेकवर शंभर लोक असतील तर बुडी मारणं म्हणजे त्यांना बुडवणं. आत जादा माणसं असतील तर वजनाचा सगळा हिशोब चुकतो, टाक्यांत किती पाणी घ्यायचं ते पुन्हा बसवावं लागतं, नाहीतर बोट दगडासारखी खाली जाते किंवा शेपूट वर काढते. हार्टनस्टाइन तीन दिवस, दिवसाढवळ्या, या अवस्थेत तरंगत राहिला. हे धैर्य मला टॉर्पेडो मारण्यापेक्षा मोठं वाटतं.

आता न आवडणारं बोलतो. रिचर्डसनच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला सांगता येणार नाही. असेन्शनचा 'वाइडअवेक' तळ नवा कोरा होता आणि गुप्त होता. आफ्रिकेकडे जाणाऱ्या विमानांचा तो मधला टप्पा. पाणबुडीच्या तोफेच्या पल्ल्यात इंधनाच्या टाक्या. ब्रिटिशांकडून आलेला निरोप अर्धामुर्धा. आणि जाळ्यात आलेली पाणबुडी सोडली तर उद्या ती कुणाचं जहाज बुडवणार? ती सोडली गेली आणि तिनं तीन दिवसांनी बुडवलंच की. दर्यावर्दींनीच लिहिलंय.

वकीलबाई

कायद्याची बाजू थोडक्यात मांडते.

१९३६ च्या लंडन प्रोटोकॉलप्रमाणे पाणबुडीनं व्यापारी जहाज बुडवण्याआधी माणसांना सुरक्षित जागी पोचवायला हवं. आणि उघड्या समुद्रातली होडी ही सुरक्षित जागा धरायची नाही, किनारा जवळ असेल किंवा दुसरं जहाज हजर असेल तरच. जर्मनीनं यावर सही केली होती. लॅकोनिया सशस्त्र आणि सैन्य नेणारी असल्यानं तिच्यावरचा हल्ला यात बसवणं अवघड. त्यामुळे टॉर्पेडोचा दोष हार्टनस्टाइनला कायद्यानं लागत नाही.

युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात १७ सप्टेंबरचा तो 'लॅकोनिया आदेश' डोनिट्झच्या गळ्याशी आला. सरकारी पक्षानं कील इथल्या पाचव्या फ्लोटिलाचा (पाणबुड्यांच्या तुकडीचा) प्रमुख म्योलेला साक्षीला उभं केलं. निघणाऱ्या कप्तानांना सूचना देणं हे त्याचं काम होतं, आणि त्यानं सांगितलं की या आदेशाचा अर्थ आपण वाचलेल्यांना मारण्याच्या अंगानंच घेतला होता. बचावाचा वकील क्रान्सब्युलर स्वतः नौदलाचा न्यायाधीश. त्यानं चाल अशी खेळली की पॅसिफिकमधल्या अमेरिकन नौदलाचा प्रमुख अॅडमिरल निमिट्झलाच लेखी प्रश्न पाठवले. निमिट्झनं सरळ उत्तर दिलं की पॅसिफिकमध्ये आमच्या पाणबुड्यांनी पहिल्या दिवसापासून अनिर्बंध युद्ध केलं, आणि स्वतःच्या बोटीला धोका असेल तर शत्रूची बुडती माणसं उचलली जात नसत. शिवाय ८ मे १९४० चा ब्रिटिश आदेश होता, डेन्मार्क-नॉर्वेमधल्या स्कागेराक सामुद्रधुनीत दिसेल ते जहाज बुडवा.

निकाल असा की वाचलेल्यांना मारायचा हुकूम डोनिट्झनं मुद्दाम दिला हे खात्रीनं सिद्ध होत नाही, पण आदेश संदिग्ध होते आणि त्यासाठी तो कडक ताशेऱ्यांना पात्र आहे. त्याची दहा वर्षांची शिक्षा पाणबुडी युद्धाचे नियम मोडल्याबद्दल दिली नाही, असं न्यायालयानं स्पष्ट लिहिलं.

आणि 'संदिग्ध' आदेश खाली झिरपतो तेव्हा काय होतं त्याचं उदाहरण यू-८५२ चा कप्तान हाइन्झ-विल्हेल्म एक (Eck, हे आडनाव). १३ मार्च १९४४ ला ग्रीक जहाज 'पेलेउस' बुडवल्यावर यानं तराफ्यांवर मशीनगन चालवायला लावली, का तर अवशेष दिसले तर विमानं आपला माग काढतील. पुढे सोमालियाच्या किनाऱ्यावर बोट रुतली, माणसं पकडली गेली. ३० नोव्हेंबर १९४५ ला कप्तान एक आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. खटल्यात त्यानं 'वरून हुकूम होता' असं म्हटलं नाही, 'परिस्थितीची गरज' म्हटलं. हार्टनस्टाइनला त्याच्यासमोर ठेवून बघा, एकाच नौदलाचे दोन कप्तान.

घाटावरचा

नाझींचं उदात्तीकरण चाललंय का इथे? हिटलरच्या हाताखालचा अधिकारी शेवटी हिटलरच्या हाताखालचाच.

शंकासुर

घाटावरचे, लेख पुरता वाचलात का? मी स्वतः विरुद्ध बाजूनं भांडतोय, पण उदात्तीकरण मला तरी कुठे दिसलं नाही.

मडगांवकार

पाणबुड्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या मुरगांव बंदराचं नाव नको का? त्याच सुमाराची गोष्ट. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून युद्ध सुरू झाल्यावर 'एरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स', 'ब्राउनफेल्स' ही जर्मन जहाजं आणि 'आन्फोरा' हे इटालियन जहाज मुरगांवला येऊन अडकून पडलेलं. एरेनफेल्सवरून पाणबुड्यांना रेडिओवर खबर जाते असा ब्रिटिशांचा संशय. मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स नावाच्या हौशी तुकडीतले पोट सुटलेले चहा-ताग कंपन्यांचे साहेब एका गाळ काढायच्या बार्जवर बसून आले, काही कलकत्त्याहून किनाऱ्याला वळसा घालून, बाकीचे रेल्वेनं कोचीनला येऊन तिथून चढलेले, आणि रात्रीत एरेनफेल्सवर चढले. जर्मनांनी आपली जहाजं आपणच बुडवली. यू-१५६ बुडाली तीही त्याच मार्चात.

दर्यावर्दी

मडगांवकार, देव बरें करूं. ही गोष्ट स्वतंत्र धाग्याची आहे, काढाच. एक भर घालतो. हिंदी महासागरात जर्मन पाणबुड्यांची मोठी तुकडी आली ती १९४३ च्या उत्तरार्धात, पेनांगला तळ करून, आणि तोवर मुरगांवची जहाजं तळाशी गेली होती.

कोकणकडा

माझा मुद्दा जरा वेगळा. अटलांटिकच्या या सगळ्या गोष्टींत कप्तानांची नावं असतात, टनांचे आकडे असतात. त्या ब्रिटिश जहाजांच्या इंजिनखोलीत कोळसा ओढणारे 'लास्कर', म्हणजे आपले खलाशी, कुठल्या गावचे होते? रत्नागिरी, राजापूर, दापोली, खेड, शिवाय गोव्याचे स्वयंपाकी-वाढपी, सिल्हेटचे आगवाले. टॉर्पेडो बहुधा इंजिनखोलीच्या आसपास लागतो. तिथून वर यायला शिड्या.

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत गेलेल्या हिंदी खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या युद्धात गेलेल्यांची नावं तिथल्या नोंदवहीत आहेत, सहा हजारांवर. तिचीच जोड प्रत चितगावला. व्हीटीवरून चालत जाण्याजोगं आहे, पण मुंबईत जन्म काढलेल्यांनाही माहीत नसतं.

आणि 'टिलावा'. २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून मोंबासाला निघालेलं प्रवासी जहाज, बहुतेक आपलेच लोक. २३ तारखेला जपानी पाणबुडी आय-२९ चा टॉर्पेडो लागला. जहाज लगेच बुडेना, म्हणून होड्यांत उतरलेले लोक परत चढायला लागले, तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो. २८० गेले. त्यांच्यासाठी पाणबुडी थांबली नाही. ब्रिटिश क्रूझर 'बर्मिंगहॅम'नं बाकीच्यांना उचललं.

अर्धवटराव_२

आय-२९ म्हणजे नेताजींना घेऊन गेली तीच ना?

कोकणकडा

हो, तीच. एप्रिल १९४३, मादागास्करजवळ. जर्मन यू-१८० मधून नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन रबरी होडीतून आय-२९ वर गेले, खवळलेल्या समुद्रात. पाच महिन्यांपूर्वी मुंबईचं जहाज बुडवणारी तीच बोट. शाळेत आपण फक्त दुसरी अर्धी गोष्ट शिकतो.

पाणबुडा

आणि यू-१८० नंही वाटेत 'कॉर्बिस' हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं होतं, १८ एप्रिलला. नेताजी तेव्हा बोटीतच होते.

मीठभाकर

बाप रे. हे माहीत नव्हतं.

शंकासुर

मूळ विषयाकडे येतो. रिचर्डसनवर खटला का झाला नाही? वकीलबाई, लाल क्रॉसचं निशाण दिसत असताना बॉम्ब टाकणं गुन्हा नाही?

वकीलबाई

लाल क्रॉस लावला म्हणून लढाऊ पाणबुडी इस्पितळ जहाज होत नाही. त्याची आधी नोंदणी, रंग, शत्रूला कळवणं असे नियम असतात, आणि तोफा-टॉर्पेडो असलेली बोट त्यात बसतच नाही. पण होड्यांत भरलेली बुडती माणसं समोर दिसत होती, विमानानं त्याची खबरही दिली होती. तो प्रश्न कुणी न्यायालयात नेलाच नाही. जिंकलेल्या बाजूचा अधिकारी. पुढे तो हवाई दलात ब्रिगेडियर जनरल झाला. उलट विमानाच्या चमूला 'पाणबुडी बुडवली' म्हणून पदकं मिळाली, जी बुडालीच नव्हती.

निळीशाई

वाचताना सारखं वाटत होतं, दोर तोडलेल्या त्या होड्यांचं काय झालं?

दर्यावर्दी

निळीशाई, बऱ्याच जणांना १७ तारखेला 'ग्लॉर' या फ्रेंच क्रूझरनं आणि तिच्यासोबतच्या जहाजांनी उचललं. यू-५०६ आणि यू-५०७ नी आपापल्याकडचे लोक त्यांच्या हवाली केले. त्याआधी यू-५०६ वरही विमानानं बॉम्ब टाकले होते, आत शंभराच्या वर माणसं असताना. ती वेळेत खाली गेली म्हणून वाचली.

पण दोन होड्या निसटल्या. मदत येतेय, जागेवरच थांबा, असं हार्टनस्टाइननं सांगितलं होतं. यांनी आफ्रिकेचा रस्ता धरला. एकीत ६८ जण होते, २७ दिवसांनी लायबेरियाच्या किनाऱ्याला लागली तेव्हा १६ जिवंत. लेखात उल्लेख केलेली नर्स त्यातली एक. दुसरी होडी एका ब्रिटिश ट्रॉलरला चाळिसाव्या दिवशी सापडली. ५२ पैकी चार.

एकंदर सुमारे १,१०० वाचले, १,६०० च्या आसपास गेले. गेलेल्यांत १,४०० च्या वर इटालियन, म्हणजे ज्यांच्यासाठी बचाव सुरू झाला तेच.

निळीशाई

आणि फ्रेंचांनी नेलेले ब्रिटिश? ते तर शत्रूच्याच हातात ना?

दर्यावर्दी

त्यांना मोरोक्कोत स्थानबद्ध केलं. नोव्हेंबर १९४२ मध्ये दोस्तांच्या फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या आणि सगळे सुटले, दोन महिन्यांत.

मीठभाकर

बाकीच्या दोन जर्मन कप्तानांचं काय झालं?

दर्यावर्दी

शाख्ट १३ जानेवारी १९४३ ला ब्राझीलजवळ गेला, सगळ्या बोटीसकट. याच शाख्टनं ऑगस्ट १९४२ मध्ये आठवड्याभरात ब्राझीलची जहाजं बुडवली होती, शेकडो प्रवासी मेले आणि ब्राझील युद्धात उतरला. महिन्याभरानं तोच लॅकोनियाच्या होड्या गोळा करत होता. शंकासुर, हे उदाहरण तुमच्या वहीत लिहून ठेवा. व्युर्डेमान जुलै १९४३ मध्ये स्पेनच्या पश्चिमेला गेला. तिन्ही बोटी विमानांनी बुडवल्या, बचावानंतर दहा महिन्यांच्या आत. कॅपेलिनी मात्र उरली. आधी जर्मनांनी घेतली, मग जपान्यांनी, तिन्ही नौदलांची चाकरी करून युद्ध संपवलं तिनं.

शंकासुर

लिहून ठेवलं. माझं मत तेच आहे, पण शाख्टबद्दल वाचल्यावर हार्टनस्टाइनवर भांडायची खुमखुमी जरा कमी झाली. पुढचा धागा क्रेचमर या जर्मन पाणबुडी कप्तानावर काढा. तो जिवंत पकडला गेला आणि पुढे नाटोत अधिकारी झाला, तिथे तरी तुम्हाला सोडणार नाही.

दर्यावर्दी

काढतो. बिस्मार्कच्या धाग्यावर फिरकू नका तेवढं, तिथे अजून टॉर्पेडो कुणाचा लागला यावर मारामारी चालू आहे.